पहिला पाऊस आणि डुबुक वडे

जून 2024 मधली ती संध्याकाळ. असरची नमाज झाली होती. आम्ही दोघी जावा ओट्यावर बसून तांदूळ निवडत होतो. एकाएकी धुळीचा लोट उठला, पत्रे वाजू लागले, पाठोपाठ टपोरे थेंब आले. मुले अंगणात धावली. लाईट गेली. आणि आमच्या सासूबाई, म्हणजे अम्मी, पहिल्याने उठल्या त्या पाऊस बघायला नव्हे. त्यांनी ज्वारीच्या पिठाचा डबा उचलला आणि म्हणाल्या, "सुनबाई, हा माळ्यावर ठेव. रेशनकार्डाची पिशवीही."

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. त्याआधीचे वर्ष आम्ही पावसाची वाट बघण्यात काढले होते. 2023 चा ऑगस्ट कोरडा गेला, कपाशी वाळली आणि ऑक्टोबरअखेर सरकारने जे 40 तालुके दुष्काळी जाहीर केले त्यांत आमचा चाळीसगाव होता. उन्हाळाभर हंडे भरण्यात आमचे दिवस गेले. घरातले पुरुष पावसाची नमाज पढून आले, आम्ही घरी हात पसरले. मग पाऊस आल्यावर ही घाई कसली?

ही घाई 2021 ची आहे. 30 ऑगस्टच्या रात्री डोंगरात धो धो पाऊस झाला, कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि 31 तारखेच्या पहाटे तितूर आणि डोंगरी या नद्यांचे पाणी गावात शिरले. आमचे घर सखल भागात. पाणी आधी उंबऱ्याशी, मग पलंगाच्या पायाशी आणि बघता बघता चुलीच्या वर. मुलांना खांद्यावर घेऊन आम्ही वरच्या गल्लीत गेलो. परतलो तेव्हा वर्षाचे धान्य चिखलात होते. अम्मींच्या निकाहात माहेरून आलेली पितळी परातही वाहून गेली होती. त्या रडल्या नाहीत. नुसत्या भिंतीवरची पाण्याची रेघ बघत बसल्या.

त्या दिवशी दुपारी वरच्या गल्लीतल्या काकू भलेमोठे पातेले घेऊन आल्या. बाजार बंद, भाजी कुठेच नाही. त्यांनी घरातल्या बेसनाचे डुबुक वडे केले होते आणि सोबत भाकरी. अम्मी घास घेईनात तेव्हा काकू अहिराणीत एवढेच म्हणाल्या, "आधी जेवी ल्या." अम्मी जेवल्या. तेव्हापासून पहिल्या पावसाला आमच्या घरी भजी होत नाहीत, डुबुक वडे होतात.

करायला सोपे आहेत. दोन कांदे आणि अर्धी वाटी सुके खोबरे भाजून लसूण, आले, कोथिंबिरीसोबत वाटायचे. तेलात हे वाटण तेल सुटेपर्यंत परतायचे, लाल तिखट, हळद आणि काळा मसाला घालायचा, मग सहा वाट्या पाणी आणि मीठ. वाटीभर बेसनात ओवा, तिखट, हळद, मीठ घालून भज्यांपेक्षा जरा घट्ट भिजवायचे. रस्सा खळखळ उकळला की त्यात बोटांनी लहान लहान गोळे सोडायचे. आच कमी असेल तर पीठ विरघळते, म्हणून घाई करायची नाही. पडताना 'डुबुक' असा आवाज येतो, म्हणून हे नाव, असे आमच्याकडे सांगतात. वडे वर तरंगले की मंद आचेवर आठ-दहा मिनिटे ठेवायचे. वडे रस्सा पितात, तेव्हा पाणी हात राखून घालू नये.

त्या संध्याकाळी मेणबत्तीच्या उजेडात वाटण परतत होतो. धाकटीची नऊ वर्षांची मुलगी भिजून आत आली. माळ्यावरचे डबे बघून तिने विचारले, "दादी, आपणच अल्लाहकडे पाऊस मागितला ना? मग आता भिता कशाला?"

आम्ही दोघींनी तिला गप्प केले. हा प्रश्न आमच्याही मनात होता, पण विचारायची हिंमत नव्हती. अम्मींनी मात्र तिला जवळ घेतले. म्हणाल्या, "बेटा, आपल्या नबींनी (स.) पाऊस मागितला तो नुसता नव्हे, फायद्याचा पाऊस मागितला. एकदा त्यांनी दुआ केली आणि आठवडाभर पाऊस पडत राहिला. घरे पडू लागली, तेव्हा त्यांनीच दुआ केली की पाऊस आजूबाजूला जावा, वस्तीवर नको. मागणारे तेच आणि थांबव म्हणणारेही तेच. मी भिते म्हणजे नाशुक्री करते असे नाही. डबा वर ठेवते आणि दुआही करते."

तीन वर्षांत त्या पुराबद्दल त्या पहिल्यांदाच एवढे बोलल्या. आम्ही त्यांची ती सवय खुळेपणा समजून हसण्यावारी नेत होतो, याची लाज वाटली. मोठीने न बोलता बेसनाचा डबाही माळ्यावर चढवला.

अम्मींनी पातेल्यात डोकावून बघितले. "अजून दोन वाट्या पाणी घाल," त्या म्हणाल्या. शोरब्यात पाणी वाढवा आणि शेजाऱ्याची आठवण ठेवा, ही शिकवण त्या आम्हाला लग्नापासून ऐकवत आल्या आहेत. मगरिबनंतर पाऊस ओसरला. छोटीला सोबत घेऊन त्या स्वतः डबा घेऊन वरच्या गल्लीत निघाल्या. काकूंचे गुडघे आता धरले आहेत, त्या चुलीपुढे फार वेळ बसू शकत नाहीत.

अम्मी परतल्या तेव्हा डबा रिकामा नव्हता. आमच्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत. आत कैरीचे ताजे लोणचे होते. दस्तरखान अंथरला, गरम रस्सा, भाकरी आणि ते लोणचे. रात्री पुन्हा सर आली. अम्मी एकदा उठल्या, दारापर्यंत गेल्या, उंबरा चाचपून बघितला. कोरडा होता. "अल्हम्दुलिल्लाह," म्हणाल्या आणि येऊन झोपल्या.