बल्ब लागला म्हणजे आयनिकच?

दहावीच्या प्रात्यक्षिकात तोंडी परीक्षेचे माझे दोन मार्क कापले गेले, त्याला जमाना झाला. तरी विषय निघाला की डोकं सणकतंच.

मांडणी नेहमीचीच. बीकर, कार्बनच्या दोन कांड्या, बॅटरी, बल्ब. मिठाच्या पाण्यात बल्ब लागतो, साखरेच्या पाण्यात नाही. मीठ आयनिक, साखर सहसंयुज. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मग कांड्या विरल हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवल्या. बल्ब लागला, कांड्यांभोवती बुडबुडे आले.

"हायड्रोजन क्लोराइड कसलं संयुग?"

"सहसंयुज, सर."

"समोर बल्ब लागलाय, दिसत नाही?"

मी म्हटलं, सर, वायू असताना हायड्रोजन आणि क्लोरीन इलेक्ट्रॉनांची जोडी वाटून घेतात. पाण्यात गेल्यावर पाण्याचा रेणू त्यातला हायड्रोजन ओढून घेतो, तेव्हा कुठे आयन तयार होतात. कोरड्या वायूत कोरडा निळा लिटमस निळाच राहतो, हेही सांगितलं. आमच्या बाईंनीच ते वर्गात करून दाखवलं होतं. "मला शिकवू नकोस," म्हणाले आणि कागदावर काहीतरी खोडलं. बाई शेजारीच उभ्या होत्या, जर्नलची पानं चाळत. खरं सांगायचं तर त्या गृहस्थांपेक्षा मला बाईंचाच राग जास्त आला.

बरं, बल्बवरच ठरवायचं तर कोरड्या मिठाच्या खड्याला कांड्या टेकवून बघा. बल्ब ढिम्म. आयन आहेत, पण जागच्या जागी जखडलेले. 801 अंश सेल्सिअसला मीठ वितळलं की मगच मोकळे होतात. मग कोरडं मीठ सहसंयुज म्हणायचं का?

माझा खरा राग पाठ्यपुस्तकातल्या ‘आयनिक’ आणि ‘सहसंयुज’ अशा दोन रकान्यांच्या तक्त्यावर आहे. पुढे विद्युतऋणतेतला फरक 1.7 च्या वर गेला की आयनिक, असा नियम भेटतो. हायड्रोजन फ्लोराइडमध्ये फरक त्याहून जास्त, आणि ते साडेएकोणीस अंशांनाच उकळतं! ॲल्युमिनिअम क्लोराइड धातू-अधातूचं, म्हणून पोरं बिनदिक्कत आयनिक लिहितात. साध्या दाबाखाली तापवलं तर ते न वितळता सुमारे 180 अंशांना थेट वायू होतं. लहान आणि जास्त भाराचा धन आयन शेजाऱ्याचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे खेचतो, हे फायान्सनं 1923 मध्येच मांडलं होतं.

एवढं तावातावानं बोलणारा मी, भाचीला मात्र परीक्षेच्या आदल्या रात्री म्हणालो, "तक्ता पाठ कर गं, बाकीचं नंतर बघू." तिला पैकीच्या पैकी मिळाले. हल्ली ती ॲल्युमिनिअम क्लोराइडवरून क्लासच्या सरांशी वाद घालते. मी मध्ये पडत नाही.