‘गाडी ओढत नाही’ : भाच्याच्या गेमिंग संगणकास अनावृत पत्र

प्रिय संगणका,



वर्षभर तुझ्याबद्दल मी नुसतं ऐकत होतो. ताईने फोनवर सांगितलं होतं, की पोराने मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जाऊन एकेक भाग निवडला, दुकानातच जोडून घेतला, आणि विदर्भ एक्स्प्रेसमध्ये खालच्या बर्थवर तुला ठेवून स्वतः रात्रभर उशाशी बसून नागपूरला आणलं. आठ कोरचा प्रोसेसर, आठ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, ३२ जीबी रॅम आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर. ताईच्या भिशीचे आणि पोराच्या दोन वर्षांच्या शिकवण्यांचे पैसे तुझ्यात आहेत. मग मे महिन्यात तो माझ्याकडे आला आणि पडेल चेहऱ्याने म्हणाला, “मामा, एवढा पावरफुल पीसी आहे, पण गेम अटकून रायला.” तुझं कार्ड विकून त्याहून मोठं घ्यायचं त्याने ठरवलं होतं. ताईने पैसे काढूनही ठेवले होते.

मी एसटीच्या कार्यशाळेत एकतीस वर्षं काढली. ड्रायव्हर तक्रारीच्या वहीत तीनच शब्द लिहून जायचे : ‘गाडी ओढत नाही’. तेवढ्यावर आम्ही कधी इंजिन उतरवलं नाही. आधी एअर फिल्टर बघायचा, मग डिझेल फिल्टर, मग पाइपात हवा धरली आहे का, चाकाचा ब्रेक धरून राहिला आहे का. इंजिनात ताकद असते, तिला वाट मिळत नसते. म्हणून मी भाच्याला म्हटलं, कार्ड विकायचं महिनाभर थांबव आणि मला पाहू दे. एक शंभर पानी वही घेतली. रोज एकच गोष्ट बदलायची, आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा लिहायचा, असं ठरलं.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट खटकली. पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा उत्तम होता, सेकंदाला ९० फ्रेम. तरी चित्र झटके देत होतं. हे कोडं उलगडलं ते जुन्या एका लेखामुळे. २०११ साली ‘द टेक रिपोर्ट’चे संपादक स्कॉट वॉसन यांनी मांडलं, की सेकंदाला किती फ्रेम आल्या एवढं मोजून भागत नाही, प्रत्येक फ्रेमला किती वेळ लागला ते मोजायला हवं. हिशेब साधा आहे. ८९ फ्रेम प्रत्येकी १० मिलिसेकंदांत आल्या आणि एकीलाच ११० मिलिसेकंद लागले, तर एकूण सेकंद पुरा होतो आणि सरासरी ९० दिसते. पण त्या सेकंदाचा नववा भाग पडदा गोठलेला असतो, आणि माणसाचा डोळा नेमका तोच क्षण पकडतो. साठ फ्रेमसाठी एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ साठी सातसुद्धा नाहीत. म्हणून आम्ही सरासरीकडे बघणं सोडलं आणि सगळ्यांत हळू आलेल्या एक टक्का फ्रेमचा आकडा वहीत लिहायला लागलो. तुझी खरी तब्येत त्या रकान्यात होती.

आणि मग ते चित्र समोर आलं, ज्यावरून लोक तुला नालायक ठरवतात. गेम अडखळत असताना ग्राफिक्स कार्ड ५५ टक्के कामात, प्रोसेसर २० टक्के कामात. दोघंही निवांत, आणि तरी गाडी ओढत नाही. भाच्याला वाटलं, कार्ड बिघडलं. पण तुझ्या आठ कोरमध्ये सोळा धागे (थ्रेड) आहेत. त्यातला एक पूर्ण भरून वाहायला लागला, तरी एकूण आकडा सव्वासहा टक्क्यांनीच वर जातो. पंगतीत आचारी दहा असोत, वरण वाढणारा एकच असेल तर सगळी पानं त्याच्यासाठी थांबतात. गेममध्येही पुढच्या फ्रेमला काय काढायचं याची यादी प्रोसेसरचा एखादाच धागा कार्डाच्या हातात देत असतो. यादी उशिरा आली, की कार्ड मोकळं बसतं. मोकळं बसलेलं कार्ड काढून त्याहून बलवान कार्ड आणलं असतं, तर तेही मोकळंच बसलं असतं.

याचं मला माहीत असलेलं सर्वांत बोलकं उदाहरण ‘जीटीए ऑनलाइन’चं आहे. हा गेम २०१३ साली आला, पीसीवर २०१५ मध्ये. सुरू व्हायला तो मिनिटंच्या मिनिटं घ्यायचा, आणि लोक आपापल्या यंत्रांना दोष देत नवे भाग विकत घेत राहिले. २०२१ च्या फेब्रुवारीत टोपणनावाने लिहिणाऱ्या एका प्रोग्रामरने स्वतःच्या संगणकावर नीट पाहिलं. डिस्क शांत, कार्ड शांत, नेटवर्क जवळजवळ शांत, आणि प्रोसेसरचा एकच कोर चार मिनिटं जिवाच्या आकांताने राबत होता. कशात? गेममधल्या दुकानातल्या सुमारे ६३ हजार वस्तूंची १० एमबीची यादी वाचण्यात. प्रत्येक नोंद उचलताना उरलेल्या अख्ख्या मजकुराची लांबी नव्याने मोजली जात होती. पुढे प्रत्येक वस्तू ‘आधी आलेली तर नाही ना’ म्हणून आधीच्या सगळ्या वस्तूंशी ताडून पाहिली जात होती, म्हणजे सुमारे १९८ कोटी तुलना. त्याने या दोनच जागा दुरुस्त केल्या आणि सहा मिनिटांचं काम एक मिनिट पन्नास सेकंदांवर आलं. रॉकस्टार कंपनीने त्याचं म्हणणं मान्य केलं, मार्चमध्ये दुरुस्ती सर्वांना दिली आणि त्याला १० हजार डॉलर बक्षीस दिलं. एवढी वर्षं लाखो बलवान यंत्रं एका यादीपुढे हात जोडून उभी होती. ‘कोण कोणासाठी थांबलंय’ हा प्रश्न कोणी नेटाने विचारला नव्हता, एवढंच.

तुझ्यात कोण थांबलं होतं ते टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर एका ओळीत लिहिलेलं होतं. रॅमच्या खोक्यावर ३६०० छापलेलं, आणि ती धावत होती २१३३ वर. नवा मदरबोर्ड सुरुवातीला रॅम सुरक्षित वेगानेच चालवतो. पूर्ण वेगासाठी बायॉसमध्ये जाऊन एक्सएमपी नावाची सोय चालू करावी लागते, आणि ती कोणी केलीच नव्हती. झाकण उघडलं तर आणखी एक गोष्ट दिसली. रॅमच्या दोन्ही पट्ट्या शेजारशेजारच्या खाचांत, म्हणजे एकाच चॅनलवर, बसवल्या होत्या. चार खाचांच्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजत दुसरी आणि चौथी खाच भरायची असते, तेव्हा दोन्ही रस्ते खुले होतात. प्रोसेसरचा तो एक धागा जेव्हा शंभर टक्के दिसत होता, तेव्हा त्यातला बराच वेळ तो रॅमकडून डेटा येण्याची वाट बघत होता. विंडोज अशा वाट पाहण्यालाही काम म्हणूनच मोजतं. पट्ट्या हलवायला दोन मिनिटं लागली, बायॉसमधला बदल करायला तीन. त्या रात्री पोराने खेळून पाहिलं आणि वहीत आकडा लिहायच्या आधी माझ्याकडे वळून नुसता हसला.

मॉनिटरची गोष्टही अशीच. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजच्या सेटिंगमध्ये वर्षभर ६० वर होता. एका क्लिकचं काम. माझ्या शेजाऱ्यांच्या मुलाकडे तर मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डाला लावलेली निघाली. चित्र दिसतं म्हणून संशय येत नाही, आणि सगळा भार प्रोसेसरच्या पोटातल्या छोट्या ग्राफिक्सवर पडतो.

उन्हाळ्याचं मात्र मला सविस्तर सांगायचं आहे, कारण आपल्या भागात तो अर्धा प्रश्न आहे. रॅम सुधारली तरी दुपारी खेळताना वीसेक मिनिटांनी तुझा वेग पायऱ्या उतरल्यासारखा खाली यायचा. रात्री यायचा नाही, आणि डिसेंबरात तर तू ठणठणीत होतास. तुझ्यावरचा पंखा हवेला थंड करत नाही, तो फक्त चिपची उष्णता खोलीच्या हवेत टाकतो. त्यामुळे चिप खोलीपेक्षा ठरावीक अंशांनी गरम राहणारच. २५ अंशांच्या खोलीत ती ७५ वर असेल, तर ४५ अंशांच्या खोलीत ९५ च्या आसपास जाईल. ९० ते १०० च्या दरम्यान कुठेतरी बहुतेक प्रोसेसरची लक्ष्मणरेषा आखलेली असते. तिथे पोचला, की तो स्वतः वेग कमी करतो. म्हणजे आम्ही ज्याला तुझा आळस म्हणत होतो, तो तुझा जीव वाचवण्याचा प्रयत्न होता. त्यात तुला टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेलं, पाठ भिंतीला लागलेली, तोंडाची जाळी रस्त्याच्या धुळीने आणि गादीच्या कापसाने लिंपलेली. तू तुझीच सोडलेली गरम हवा पुन्हा आत घेत होतास. तुला बाहेर काढलं, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवलं, जाळी धुतली. पुढचे पंखे हवा आत घेतात आणि मागचा बाहेर टाकतो, हे कागदाचा तुकडा धरून पाहिलं. प्रोसेसरवरची पेस्ट सुकली होती, ती बदलली. खोलीतल्या कूलरचा ओलसर झोत मात्र तुझ्यावर थेट येऊ दिला नाही. खोलीची हवा थंड करून घ्यायची, दमट वारा अंगावर सोडायचा नाही.

शेवटचा झटका उरला होता तो गेममध्ये नव्या गल्लीत वळताना बसणारा. तो आमच्या हावेचा होता. टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं) सगळ्यांत वरच्या पातळीवर ठेवली की कार्डाची आठ जीबीची मेमरी भरते, आणि उरलेला माल रॅममध्ये जाऊन पडतो. कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला शेकडो जीबी पुरवते, तर पीसीआय एक्स्प्रेसच्या चौथ्या पिढीची सोळा पदरी वाट एका दिशेने साधारण ३२ जीबीच वाहते. एक पातळी खाली आलो. चित्रातला फरक पोराला शोधूनही सापडला नाही, आणि झटका गेला.

काही दोष तुझ्यात शोधूनही सापडणार नाहीत, कारण ते तुझे नसतात. एका मॉडेलचे कन्सोल सगळे सारखे असतात, म्हणून त्यांचे शेडर, म्हणजे चित्र कसं रंगवायचं हे कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्राम, बनवणाऱ्याकडूनच तयार होऊन येतात. पीसीवर प्रत्येकाचं कार्ड वेगळं, ड्रायव्हर वेगळा, त्यामुळे ते तुझ्याच घरी तयार करावे लागतात. गेमने ते आधी तयार केले नाहीत, तर पहिला स्फोट, पहिली ठिणगी दिसताना गेम क्षणभर थबकतो, मग यंत्र कितीही महाग असो. २०१५ च्या २३ जूनला ‘बॅटमॅन : अर्कम नाइट’ पीसीवर आला तो इतक्या वाईट अवस्थेत, की वॉर्नर ब्रदर्सने दुसऱ्याच दिवशी पीसीवरची विक्री थांबवली, आणि ती पुन्हा सुरू झाली ऑक्टोबरच्या अखेरीस. त्या चार महिन्यांत ज्यांनी आपलं कार्ड बदललं असेल, त्यांच्या पैशांची मला हळहळ वाटते.

हळहळ वाटण्याचं कारण आहे. या पोरांना सल्ला देणारे खूप आणि मोजणारे थोडे. फॉरमॅट मार, बूस्टर टाक, रजिस्ट्री साफ कर, कार्ड बदल. पाच उपाय एका संध्याकाळी केले, की कशाने फरक पडला हे कधीच कळत नाही, आणि फरक पडला नाही तर खिशाला हात जातो. ज्या घरात एक यंत्र दोन वर्षांच्या कमाईतून येतं, तिथे हा अंदाजपंचे सल्ला क्रूर आहे. तुला जोडून देणाऱ्यांनाही माझं कळकळीचं सांगणं आहे. यंत्र गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी रॅमच्या खाचा, रॅमचा वेग आणि चालू गेममधलं तापमान एवढं त्याच्यासमोर दाखवा. दहा मिनिटांचं काम आहे. आणि घेणाऱ्यांनो, ते दाखवल्याशिवाय खोकं उचलू नका.

संगणका, तुझं कार्ड तेच आहे, प्रोसेसर तोच आहे. वहीत शेवटची नोंद जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली आहे : दुपारी तीन वाजता, दोन तास खेळून, वेग न उतरता. नव्या कार्डासाठी काढलेले पैसे ताईने बँकेत परत भरले.



तुझ्या मालकाचा मामा