गाणे आणि गाणारा माणूस

शाहिरी कविता वर्गात शिकवताना आपल्या हाती तिचा कागद असतो. त्यातून चाल, प्रतिमा, विद्रोह यांची चर्चा करता येते. गाणाऱ्याचा श्वास तेवढा निसटतो. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ पाहिल्यापासून हे उणेपण मला अधिक जाचू लागले आहे.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेधासाठी जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा माणसे मेली. पुढच्या काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. आयुष्याचा मोठा काळ डाव्या चळवळीत गायलेल्या या माणसाने मरताना डोक्याला निळे फडके बांधले होते. पटवर्धनांनी ‘हमारा शहर’ (१९८५) मध्ये त्यांचे गाणे घेतले होते. त्या ओळखीच्या आवाजामागे ते चौदा वर्षे चालत राहिले. २०११ मध्ये पुऱ्या झालेल्या, तीन तासांहून मोठ्या या माहितीपटात गाणी साक्षीदारासारखी उभी राहतात. लाल आणि निळ्यामधले अंतर एका माणसाला किती महाग पडले, हे कोणताही समीक्षालेख इतके थेट सांगत नाही.

वऱ्हाडात बसून हा चित्रपट पाहताना मन आपल्या मुलखाकडे वळते. गाडगेबाबांचे कीर्तन आणि तुकडोजी महाराजांची खंजिरी, दोन्ही अमरावती जिल्ह्यातली. समाजाला गाऊन जागे करण्याची परंपरा इथे जुनी आहे. पण या शतकात बाहेरचा कॅमेरा इकडे वळला तो मुख्यतः कापूस, कर्ज आणि आत्महत्यांसाठी. पी. साईनाथ यांच्यासोबत विदर्भात हिंडणारा दीपा भाटिया यांचा ‘निरोज गेस्ट्स’ (२००९) आवश्यकच होता. त्याच्या आदल्याच वर्षी अकोला जिल्ह्यातील शेतकरी-कवी श्रीकृष्ण कळंब यांनी आत्महत्या केली. आज पुष्कळांना ते ठाऊक आहेत ते आधी आत्महत्या केलेला शेतकरी म्हणून, नंतर कवी म्हणून. हा क्रम मला सलतो.

घोगऱ्यांचा आवाज मरणाच्या बारा वर्षे आधीच टिपलेला होता, म्हणूनच पुढे त्यांची केवळ बातमी झाली नाही. आपल्या महाविद्यालयांच्या आसपास आज कितीतरी माणसे गात आहेत, कविता म्हणत आहेत. त्यांच्याकडे जायला मरणाचे निमित्त कशाला हवे?