खिळीवरचं शून्य

पैनगंगेवरच्या चनाका-कोरटा बॅरेजपाशी मी आणि मामा उभे होतो. अलीकडे आदिलाबाद जिल्हा, पलीकडे यवतमाळ. २०१६ च्या ऑगस्टमध्ये दोन राज्यांत करार झाला, त्यातलं हे एक काम. मामांचा सगळा जन्म कापसात गेलेला. दरवाजांकडे बघत ते म्हणाले, "एवढं पानी ढकलते, तं हे उचलाले मोटार केवढी लागत असन रे?"

माझं पोट याच प्रश्नावर चालतं. संगणकात पाणी सोडायचं आणि ते पोलादाला किती रेटतं ते काढायचं. दरवाजाच्या पृष्ठभागाचे हजारो चिमुकले तुकडे पाडलेले असतात. प्रत्येकावरचा दाब गुणिले त्याचं क्षेत्रफळ, दिशा तुकड्याला लंब. पाणी घासून जातं त्याचा ओढा वेगळा, पण इथे तो किरकोळ. मग बेरीज. फसगत बेरजेत होत नाही, तिच्या आधीच होऊन गेलेली असते.

नवखा असताना १५ मीटर रुंद दरवाजा घेतला होता, मागे १० मीटर पाणी. उत्तर आलं ७,३५७ न्यूटन. म्हणजे साडेसात क्विंटल. आदिलाबादच्या मार्केट यार्डात तेवढा कापूस एका छोट्या गाडीतून उतरतो! कागदावर अर्धा गुणिले घनता गुणिले गुरुत्व गुणिले खोलीचा वर्ग गुणिले रुंदी केलं, तर ७५० टन. मी वापरतो ते सॉफ्टवेअर दाब घनतेने भागून ठेवतं. बळ काढताना घनता आपण भरायची, आणि माझ्या रकान्यात १ तसाच राहिला होता. रंगीत चित्र मात्र फार देखणं आलं होतं. तेव्हापासून आधी कागद, मग चित्र.

पण मामांच्या प्रश्नाचं उत्तर ७५० टन नाही. हे दरवाजे वर्तुळाच्या कमानीसारखे, आणि त्या वर्तुळाच्या केंद्रात ट्रनियनची खीळ, म्हणजे दरवाजा जिच्यावर फिरतो ती. दाब पृष्ठभागाला लंब, म्हणून प्रत्येक तुकड्यावरचा रेटा नेमका खिळीतून जातो. सगळा भार खांबाला. दरवाजा फिरवायला पाण्याकडे काहीच उरत नाही. मोटार उचलते ते दरवाजाचं वजन, वर रबरी सीलचं घासणं.

त्यामुळे मी सगळ्यात आधी बघतो तो आकडा खिळीभोवतीच्या आघूर्णाचा, म्हणजे फिरवू पाहणाऱ्या जोराचा. बंद दरवाजाला तो जवळजवळ शून्य यायलाच हवा. नाही आला, तर कुठे तरी खीळ चुकीच्या जागी धरलीय, नाही तर नको तो पृष्ठभाग बेरजेत घुसलाय. दरवाजा थोडा उघडला की खालच्या कडेशी पाणी वेग घेतं, दाब पडतो, आणि ती कड कमानीवर नसल्यामुळे थोडा आघूर्ण खराच उरतो. तिथे तुकडे बारीक पाडायचा कंटाळा केला, तर तो उरलेला आकडा पाण्याचा की आपल्या आळसाचा, ते कळत नाही.

मामांना हे मी वाळूत रेघा ओढून सांगितलं. त्यांना पटलं. मग मी फॉल्सम धरणाची गोष्ट काढली. कॅलिफोर्नियात १७ जुलै १९९५ ला तिथला असाच एक वक्र दरवाजा उघडत असताना मोडला. पाणी वाढलेलं नव्हतं. खिळी गंजत गेल्या होत्या, घर्षण वाढलं होतं, आणि दरवाजाला खिळीशी जोडणारे हात आखताना ते घर्षण धरलेलंच नव्हतं.

माझ्या संगणकातली खीळ गंजत नाही. म्हणून आता शेवटची ओळ मी हाताने घालतो: ७५० टन, घर्षणाचा गुणांक ०.१, खिळीची त्रिज्या १५ सेंटिमीटर, झाले सुमारे ११ टन-मीटर. गुणांक ०.३ धरला की ३४.

मामा बराच वेळ त्या खांबांकडे बघत राहिले. त्यांच्या बैलगाडीच्या आसाला ते अजूनही स्वतःच्या हाताने वंगण लावतात.

"मंग इथं कोन लावते?" त्यांनी विचारलं.