फ्रीज सुरू, खेळ बंद

आईची 2006 सालची हिशेबाची वही माझ्याकडे आहे. लाल पुठ्ठ्याची, उभी. पुढून उघडली की दूध, पेपर, गॅस, भिशी, वाण्याचं देणं. उलटी करून मागून उघडली की माझं अक्षर लागतं: तारीख, किती वाजता, कोणती रेस, सुरू केल्यापासून किती मिनिटांनी बंद. आणि ऑक्टोबरच्या मध्यावर माझ्या ओळींच्या मधूनमधून आईचं गोल, जरा डावीकडे झुकलेलं अक्षर येऊन मिसळतं. ती पानं मी दर दिवाळीला एकदा तरी काढून वाचते.

आमचा कॉम्प्युटर असेंबल्ड होता. 2004 च्या जूनमध्ये बाबा, धाकटा भाऊ आणि मी तो आणायला डोंबिवलीहून लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण पार्ट घ्यायला निघालेला माणूस लॅमिंग्टन रोडच म्हणतो. दादरला गाडी बदलायची, स्लो लोकलने ग्रँट रोडला उतरायचं आणि भावाने वहीच्या पानावर लिहिलेली यादी घेऊन दुकानामागून दुकान हिंडायचं. पेंटियम फोर, 2.4 गिगाहर्ट्झ. 256 एमबी रॅम. 40 जीबीची हार्ड डिस्क. सतरा इंची मॉनिटर, तो जुना पाठीला कुबड असलेला. 600 व्हीएचा यूपीएस. आणि शेवटी, पैसे संपत आल्यावर, कॅबिनेट. त्या काळी कॅबिनेटबरोबर एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, आतच बसवलेला मिळायचा. बाहेरच्या स्टिकरवर 450 वॅट लिहिलेलं होतं, ते आम्ही वाचलं आणि पुढे गेलो. पुढच्या सगळ्या कथेचं मूळ त्या स्टिकरमागे होतं.

भावाने तो कॉम्प्युटर घरी, हॉलमध्ये, सतरंजीवर जोडला. प्रोसेसरवर पंखा बसवताना बोर्ड इतका वाकला की बाबांनी तोंड फिरवलं. बटण दाबल्यावर आतून एकच छोटा ‘बीप’ आला, तेव्हा आईने देवापुढची साखर आणून सगळ्यांच्या हातावर ठेवली.

दोन वर्षं तो नीट चालला. 2006 मध्ये गणपती झाल्यावर भावाने शिकवण्यांच्या साठवलेल्या पैशांतून दोन गोष्टी आणल्या: जीफोर्स 6600 जीटी ग्राफिक कार्ड आणि 256 एमबीची आणखी एक रॅम. दोन्ही एकाच दिवशी बसवल्या. कारण होतं ‘नीड फॉर स्पीड: मोस्ट वाँटेड’. 2005 च्या नोव्हेंबरमध्ये आलेला तो खेळ त्याच्या सगळ्या मित्रांच्या घरी पोचला होता. रॉकपोर्ट नावाचं शहर, पानगळीतल्यासारखं तांबूस ऊन, पंधरा जणांची काळी यादी, आणि एकेकाला हरवत पहिल्या क्रमांकाच्या रेझरपर्यंत जायचं. मागे पोलिसांच्या गाड्या लागल्या की वायरलेसवरची त्यांची बोलणी घरभर ऐकू यायची. मी तेव्हा बी.एस्सी.ला फिजिक्स करत होते आणि माझी गाडी प्रत्येक वळणावर भिंतीला घासायची, तरी तो खेळ बघत बसायला मला फार आवडायचं.

आणि मग तो बंद पडू लागला. पाठलाग रंगात आलेला, पडदा एकदम काळा, क्षणभर शांतता, आणि तोच जुना ‘बीप’. कॉम्प्युटर पहिल्यापासून सुरू. त्या पाठलागात कमावलेलं सगळं गेलं, कारण खेळ सेव्ह होतो पाठलाग संपल्यावर. भाऊ ओरडायचा. ती आरोळी आमच्या मजल्यावर सगळ्यांच्या ओळखीची झाली होती.

सल्ला देणारे खूप होते आणि सगळ्यांचा सल्ला एकच: फॉरमॅट मार. आम्ही तो मारला. विंडोज एक्सपीच्या निळ्या पडद्यावर ‘39 मिनिटं बाकी’ हे वाक्य वाचत बसलो, सगळं नव्याने टाकलं, आणि चौथ्या मिनिटाला पडदा काळा. त्या सल्ल्यावर माझा आजही राग आहे. बिघाड कुठे आहे याच्या ज्या काही खुणा मशीनने लिहून ठेवलेल्या असतात, त्या आपल्याच हाताने पुसून मग शोधाला निघायचं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.

मग ड्रायव्हर. घरच्या डायल-अपवर ती फाइल उतरायला रात्र पुरली नसती. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेतून सीडीवर लिहून आणली. नवा ड्रायव्हर, जुना ड्रायव्हर, त्याहून जुना. फरक नाही.

मग गरमी. ऑक्टोबरचा उकाडा होता, तेव्हा ही शंका सगळ्यांना पटली. कॅबिनेटचं झाकण काढून ठेवलं, समोर टेबल फॅन लावला. प्रोसेसरवरचा पंखा सोडवला तर खालची पेस्ट वाळून पापडी झालेली. ती पुसून नवी लावली, ब्रशने धूळ काढली. तपमान खरंच उतरलं. पण पेंटियम फोर तापला तर आधी आपला वेग कमी करतो, खेळ अडखळायला लागतो. आमचा खेळ कधी अडखळला नव्हता. तो धावत असतानाच जायचा.

झाकण उघडं असल्यामुळे एक गोष्ट मात्र कळली. अनवाणी पायाने पत्र्याला हात लावला की बोटांना मुंग्या यायच्या. हॉलमधल्या त्या पॉइंटला अर्थिंगच नव्हतं. एसएमपीएसच्या तोंडाशी जे फिल्टर असतं त्यातून थोडी वीज पत्र्यावर येते, ती अर्थिंगच्या वायरने जमिनीत जायला हवी. वायर नसेल तर ती आपल्यातून वाट शोधते. बाबांनी दुसऱ्याच दिवशी इलेक्ट्रिशियन बोलावला. तोवर भाऊ रबरी स्लिपर घालून खेळत होता.

मग रॅम. नव्यानेच आलेली, म्हणून पहिली संशयित. दोन्ही काढल्या, सोनेरी दात खोडरबराने घासले, एकेक लावून पाहिली, जागा बदलून पाहिल्या. फ्लॉपीवरून मेमटेस्ट लावला. हा प्रोग्रॅम विंडोज सुरूच होऊ देत नाही, स्मृतीच्या घराघरात आकडे लिहितो आणि परत वाचून ताडून बघतो. एक जरी चुकला तरी लाल ओळ येते. तो रात्रभर चालवायचा असतो. पण डोंबिवलीत तेव्हा लोडशेडिंग होतं. दोन रात्री अर्धवट गेल्या. तिसऱ्या रात्री वीज टिकली. सकाळी दूध घ्यायला उठले तेव्हा अंधाऱ्या हॉलमध्ये तो निळा पडदा एकटाच चालू होता, एकही लाल ओळ नाही, आणि भाऊ खुर्चीतच झोपलेला.

त्याच आठवड्यात मला एक गोष्ट सुचली. एक्सपीमध्ये अशी सोय होती की मशीन कोलमडलं तर आपोआप रिस्टार्ट व्हायचं नाही, निळा पडदा आणि त्यावरचा कोड धरून ठेवायचा. ती खूण बदलली आणि वाट पाहिली. पडदा पुन्हा काळा. बीप. निळं काही आलंच नाही. भाऊ निराश झाला, मला मात्र आनंद झाला. विंडोज कोलमडत असती तर मरता मरता दोन शब्द बोलली असती. तिला बोलायलाही वेळ मिळत नव्हता. म्हणजे पायाखालची वीजच जात होती.

पण वीज तर यूपीएसमधून येत होती. आणि ती कधी जात होती यात मला काही सूत्र दिसेना. वही तेव्हाच सुरू झाली. 12 मिनिटं, 40 मिनिटं, 3 मिनिटं. दुपारी कमी, संध्याकाळी जास्त. मी आलेख काढला, बिंदू सगळीकडे विखुरले.

दिवाळी आठ दिवसांवर आली होती. आई स्वयंपाकघरात फराळाला लागली होती: चकलीसाठी लोणी काढ, करंजीसाठी दूध काढ, खोवलेला नारळ आत ठेव. फ्रीजचं दार सारखं उघडत-मिटत होतं. भाऊ बाहेर ओरडला. मी वही घेतली. आई साडीच्या पदराला हात पुसत दारात आली आणि म्हणाली, “अगं, एक सांगू का? हा ओरडतो ना, त्याच्या आधी आपला फ्रीज सुरू होतो.”

“फ्रीज काय, दिवसभर सुरू होतो,” भाऊ म्हणाला.

“दिवसभर होतो. पण तू ओरडतोस तेव्हा नेमका झालेला असतो. मी रोज ऐकते.”

मी वही तिच्या हातात दिली. पुढचे दोन दिवस तिने फ्रीजच्या वेळा लिहिल्या, मी हॉलमधल्या. तिने काही ओळी पिठाच्या बोटांनी लिहिल्यात, त्या डागांवरून आजही ओळखू येतात. तिसऱ्या दिवशी दोन्ही रकाने शेजारी ठेवले. फ्रीज सुरू झाला आणि खेळ चालू नव्हता, तर काहीच होत नव्हतं. खेळ चालू होता आणि फ्रीज शांत होता, तरी काही होत नव्हतं. दोन्ही जुळले की काळोख.

मग आम्ही मुद्दाम करून पाहिलं. भाऊ पाठलागात शिरला, आई फ्रीजच्या बटणापाशी, मी यूपीएससमोर जमिनीवर बसले. आईने बटण फिरवलं, फ्रीज धडधडला, ट्यूबलाइट किंचित मिचकली, यूपीएसमध्ये ‘टक्’ असा आवाज झाला आणि पडदा गेला. कॉम्प्रेसरला उसंत देऊन तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच. तो ‘टक्’ आम्ही दोन वर्षं ऐकत आलो होतो. यूपीएस म्हटला की टकटकणारच, अशी कानांची समजूत झाली होती.

शेवटी आईने स्वतःहून फ्रीजचा प्लग काढला. “दोन तास चालेल. दूध तापवून ठेवलंय,” म्हणाली. भाऊ दोन तास खेळला. एकदाही ओरडला नाही.

आता कारण उलगडायला वेळ लागला नाही. फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू होताना चालू असतानाच्या कित्येक पट करंट ओढतो. जुन्या बिल्डिंगची वायरिंग, हॉल आणि स्वयंपाकघर एकाच लाइनवर, त्यात संध्याकाळी व्होल्टेज आधीच खाली. ते क्षणभर आणखी पडलं की यूपीएस बॅटरीवर जायचा. आमच्यासारख्या साध्या यूपीएसला लाइनवरून बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद लागतात, तो ‘टक्’ म्हणजे ते सांधे बदलणं. तेवढा काळ कॉम्प्युटरला वीज मिळत नाही. ती एसएमपीएसमधल्या कपॅसिटरने द्यायची असते. गच्चीवरच्या टाकीसारखं आहे हे. पंप थांबला तरी टाकीत पाणी असेल तर नळ चालतो. आमच्या एसएमपीएसची टाकी आटलेली होती. कॉम्प्युटर नुसता सुरू असताना एखादाच नळ चालू, तेव्हा ती पुरायची. नवं ग्राफिक कार्ड जोरात चालू लागलं की घरातले सगळे नळ उघडे.

मीटर लावूनही पाहिलं. हार्ड डिस्कला जाते तसल्या रिकाम्या पिनमध्ये काळी दांडी काळ्या वायरीला, लाल दांडी पिवळ्या वायरीला. तिथे 12 व्होल्ट हवेत, पाच टक्के इकडेतिकडे चालतात, म्हणजे 11.4 च्या खाली जायला नको. नुसता असताना 11.7. पाठलागात 11.2.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं पुन्हा लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानातल्या काकांनी स्टिकर वाचूच दिला नाही. दोन एसएमपीएस आमच्या दोन हातांवर ठेवले आणि म्हणाले, “वजन बघा.” एक पोकळ डब्यासारखा, दुसरा विटेसारखा. आत तांबं आणि लोखंड किती आहे ते हाताला कळतं. आम्ही वीट घेतली.

जुना मी दोन दिवस तसाच ठेवून मग उघडला. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या आसपास व्होल्ट राहू शकतात, त्याला घाईने हात लावू नये. आत चार कपॅसिटरांची डोकी पुऱ्यांसारखी टम्म फुगली होती, एकाच्या माथ्यावर तपकिरी खपली. त्या वर्षांत जगभर असे कपॅसिटर फुगत होते, आतल्या द्रवाचं मिश्रण चुकलं होतं म्हणून. कित्येक चांगले मदरबोर्ड त्यापायी गेले. आमच्याकडे तेच झालं होतं की नुसती स्वस्ताई आणि गरमी, हे सांगता येत नाही. मी तो फुगलेला कपॅसिटर काढून बरीच वर्षं कंपासपेटीत ठेवला होता.

भाऊबीजेला संध्याकाळी ओवाळून झालं. भावाने ताटात पाकीट ठेवलं आणि सरळ खुर्चीत जाऊन बसला. रेझरच्या आधीचा दुसऱ्या क्रमांकाचा गडी बाकी होता. बाबा पेपर खाली ठेवून बघत होते. आई चिवड्याची वाटी घेऊन माझ्या शेजारी बसली. पाठलाग सुरू झाला, मागे सहा गाड्या, वर हेलिकॉप्टर.

आत फ्रीज धडधडला. ट्यूबलाइट मिचकली. टक्. हॉलमधल्या चारही माणसांनी श्वास धरला. भावाचे हात कीबोर्डवरून हलले नाहीत, गाडी पुलाखालून वळली, वायरलेसवर पोलीस एकमेकांना हाका मारत राहिले.

आई उठली, वही घेऊन आली आणि मागच्या पानावर लिहिलं. ती ओळ शेवटची आहे, त्यापुढची पानं कोरी आहेत: ‘भाऊबीज. 8.10. फ्रीज सुरू. खेळ चालू.’