सरतान आणि बुरशी

दुसऱ्या केमोनंतर आठवडाभरात खालाच्या जिभेवर पांढरा थर चढला. तिला पाणीसुद्धा गिळवेना. डॉक्टर म्हणाले, "तोंडात बुरशी झाली आहे. औषध देतो, जाईल."

तो एक शब्द घरभर पसरला. खालाच्या छातीतल्या गाठीचं नाव घ्यायला कचरणारे नातेवाईक बुरशीवर मात्र मोकळेपणानं बोलू लागले. त्यातच कुणीतरी मोबाइलवर आलेला संदेश वाचून दाखवला : कॅन्सर म्हणजे शरीरात वाढलेली बुरशीच. खाण्याचा सोडा पाण्यातून घ्या, केमोचं विष नको.

खालानं माझ्याकडं पाहिलं. "तू तो साइन्स पढाती ना गे. सच हय क्या?"

मी सोलापुरात उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. बी.एड.चे पाठ घेतानाही कधी अडखळले नव्हते. पण त्या दिवशी समोर मामूजान, चाचा अशी सगळी वडीलधारी मंडळी बसली होती. मी "बघून सांगते" एवढंच म्हणाले. माझ्या या उत्तरामुळं पुढच्या केमोची तारीख टळली. हे माझ्या हातून घडलं, म्हणून लिहिते आहे.

त्या रात्री वाचायला बसले. संदेश शंभर टक्के खोटा असता तर बरं झालं असतं. बुरशीचा आणि कॅन्सरचा संबंध आहे, पण तो वेगळाच. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीला बुरशी लागली होती. तिच्या विषाला अफ्लाटॉक्सिन नाव पडलं. हे विष वर्षानुवर्षं पोटात जात राहिलं तर यकृताचा कॅन्सर होऊ शकतो. हिपॅटायटिस बी असलेल्यांना धोका जास्त. १९७४ मध्ये गुजरात आणि राजस्थानच्या आदिवासी भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं यकृत निकामी होऊन दगावली.

२०२२ मध्ये संशोधकांनी ३५ प्रकारच्या कॅन्सरचे १७ हजारांहून अधिक नमुने तपासले. अनेक गाठींत बुरशीचे अंश सापडले, पण अगदी थोडे. त्या बुरशीमुळंच कॅन्सर झाला, असं त्यातून सिद्ध झालेलं नाही. आणि सोड्याचा दावा करणारा इटलीतला तो डॉक्टर? त्याचा परवाना काढून घेतला गेला, रुग्ण दगावल्याबद्दल त्याला शिक्षाही झाली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर बसले. "खाला, सरतान म्हणजे अरबीत खेकडा. मराठीतला कर्कही खेकडाच. पण हा खेकडा बाहेरून आलेला नाही. आपल्याच पेशी थांबायचं विसरतात आणि वाढत सुटतात. केमो त्यांना मारते, पण रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही त्यात कमी होतात. मग आपल्या तोंडात एरवी गुपचूप राहणारी कँडिडा बुरशी डोकं वर काढते. राखणदार नसला की पिकात गुरं शिरतात, तसं."

खाला थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मतलब बुरशी बीमारी लाई नै. कमजोरी आई, तो ये घुसी."

वर्गातल्या कुठल्या मुलीनं मला इतकं नेमकं उत्तर दिलं नव्हतं. मामूजान एवढंच म्हणाले, "शिफा देनेवाला अल्लाह. मगर इलाज छोडना नको."

औषधानं तोंड दहा दिवसांत साफ झालं. केमो मात्र अकरा दिवस उशिरा झाली. ते अकरा दिवस माझ्या मनातून जात नाहीत. खालाचा इलाज अजून चालू आहे.

अम्मी आता चटणीसाठी शेंगदाणे निवडताना काळे पडलेले, बुरशी लागलेले दाणे टाकून देते. भाजल्यानं ते विष पूर्ण जात नाही, हे तिला पटलं आहे.

परवा आठवीच्या वर्गात फफूंदीचा धडा होता. ओल्या ब्रेडवरचा हिरवट थर मुली पाहत होत्या. एकीनं विचारलं, "मॅडम, कॅन्सर फफूंद से होता क्या?"

या वेळी मी 'बघून सांगते' म्हणाले नाही. खडू घेतला आणि फळ्याकडं वळले.