वरून काय हवं?

आमच्याकडे वऱ्हाडात शेतातल्या जेवणाचं आमंत्रण असं येतं : "रविवारी रोडगे आहेत, या." बस्स. वेळ सांगत नाहीत, पदार्थ सांगत नाहीत, किती जण ते विचारत नाहीत. रोडगे म्हटलं की सोबत वांग्याची भाजी, वरण आणि तूप हे आलंच. अकरा वाजता पोचलात तरी जेवण दोनशिवाय नाही, हेही आलंच. ज्यांनी रोडगे खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी (पुण्या-मुंबईच्या मंडळींनो, हे तुमच्यासाठी) थोडक्यात सांगते. जाडसर दळलेलं गव्हाचं पीठ, पूर्वी बन्सी गव्हाचं असायचं. त्यात मीठ, ओवा, तेलाचं मोहन. घट्ट भिजवायचं. छोट्या छोट्या पुऱ्या लाटून, मध्ये तेलाचा हात फिरवत एकीवर एक चार-पाच रचायच्या आणि त्या सगळ्या एका मोठ्या पुरीत गुंडाळून गोळा करायचा. मग शेणाच्या गोवऱ्यांचा जाळ. धूर पूर्ण संपून नुसता लाल आर उरला की त्यात रोडगे लावायचे, फिरवत राहायचे आणि शेवटी गरम राखेत झाकून द्यायचे. तासाभरानं काढून फडक्यानं पुसले, अंगठ्यानं दाबले की आतले पदर सुटतात. त्या भेगेत तूप.

आता गंमत बघा. वर्षभर घरात पोळ्या बायका करतात, त्याला कुणी नाव देत नाही. रोडगे मात्र बहुतेक ठिकाणी पुरुष करतात. वर्षातून दोन-तीनदा. आणि त्याला 'कार्यक्रम' म्हणतात :-) आमचे सासरे, म्हणजे बाबा, या कामात पंचक्रोशीत ओळखले जातात. आर कधी 'बसला' हे ते हात वर धरून सांगतात. रोडग्याला आपल्याकडे देवाचंही वजन आहे. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो. एकनाथमहाराजांच्या प्रसिद्ध भारुडातली सून भवानीला रोडगाच कबूल करते, तोही कशासाठी, तर सासू-सासऱ्यांपासून सगळ्या सासरची ब्याद टळावी म्हणून! घरात नव्यानं आलेल्या सुनेनं हे भारूड सासूसमोर ऐकावं का, हा प्रश्न मला बावीस वर्षांपूर्वी पडला होता. सासूबाईच माझ्यापेक्षा मोठ्यानं हसल्या होत्या, तेव्हा सुटला.

तर, २०२४ च्या डिसेंबरात माझी नणंद मुलाला घेऊन शिकागोहून आली. नागपूरला विमानातून उतरून समृद्धी महामार्गानं शेलूबाजारपर्यंत आणि तिथून घरी. पूर्वी याच प्रवासात दिवस मोडायचा. भाचा पंधरा वर्षांचा. मराठी समजतं, बोलतोही, फक्त क्रियापद शेवटी यायला जरा वेळ लागतो. रविवारी शेतात रोडगे ठरले आणि त्यानं जाहीर केलं, "मामी, त्याच फायरवर मी हॉट डॉग करणार. कुकआउट म्हणजे हॉट डॉग पाहिजेच."

घरात शांतता. घर शाकाहारी, त्यातून बाबांचे रोडगे आधी देवाला दाखवतात. पण नणंदेनं तिकडे इतकी वर्षं काढलीत, तिच्याकडे उत्तर तयार होतं. तिकडच्या मराठी मंडळांच्या उन्हाळी सहलींत म्हणे शाकाहाऱ्यांची शेगडी वेगळी ठेवतात, नाहीतर जाळीवर फॉइल अंथरतात. आपण इथे दुसरी चूल मांडू आणि सॉसेज सोयाचं करू.

सोयाचं! वाशीम जिल्ह्यात खरिपात नजर जाईल तिथे सोयाबीन. आमच्याही शेतात तेच. जून-जुलैत पेरायचं, सप्टेंबर-ऑक्टोबरात काढायचं, बाजार समितीत नेऊन घालायचं आणि भाव ऐकून घरी यायचं. पण आमच्या ताटात सोयाबीन? तेल सोडलं तर जवळजवळ नाहीच. दाण्यात साधारण अठरा-वीस टक्के तेल आणि चाळीस टक्के प्रथिनं. तेल काढल्यावर जी पेंड उरते तिचा मोठा भाग जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात जातो. तेल काढलेल्याच पिठाच्या त्या स्पंजासारख्या वड्या होतात. म्हणजे आमच्या शेतातला माल जगभर फिरून कुणाच्या तरी हॉट डॉगमध्ये जात असेल, आणि आम्हाला त्याची चव माहीत नाही. ही गोष्ट मला फार लागली. म्हटलं, करूच.

शनिवारी रात्री नणंद आणि मी बसलो. सोयाच्या वड्या गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळल्या, मिक्सरमधून काढल्या. उकडलेला बटाटा, भाजलेलं बेसन, लसूण, तिखट, मिरपूड, मीठ. कोथिंबीरवडीला करतो तसे बोटभर जाडीचे उंडे वळले आणि वाफवून घेतले. वाफवणं महत्त्वाचं. खरा हॉट डॉगही दुकानातून येतो तेव्हा शिजलेलाच असतो, विस्तवावर त्याला फक्त गरम करायचं आणि वरून डाग पाडायचे. रोडग्याचं उलट आहे, तिथे कच्चं पीठ आणि अख्खा तास. भाच्यानं त्यात एक युक्ती दाखवली. उंड्याला सुरीनं तिरप्या उथळ चिरा द्यायच्या. कडा कुरकुरीत होतात आणि वरची कोशिंबीर चिरांत अडकून राहते, घसरत नाही. लांब पाव गावात कुठे शोधणार? बेकरीतून लादी आणली. दोन पाव एकमेकांना चिकटलेले तसेच ठेवून मधोमध चिरले. झाला लांब पाव.

आणि मग वरचं सामान. तो म्हणाला, शिकागोत हॉट डॉग म्हणजे काय काय लागतं ते ऐका : खसखस लावलेला पाव, पिवळी मोहरी, कच्चा कांदा, हिरवागार गोड रेलिश, टोमॅटोच्या फोडी, काकडीच्या लोणच्याची लांब फोड, छोट्या तिखट मिरच्या आणि वरून सेलरीचं मीठ. केचप मागितलं तर दुकानदार तोंड वाकडं करतो. मूळचं सॉसेज जर्मन आणि ऑस्ट्रियन लोकांचं, त्याची नावं फ्रँकफुर्ट आणि व्हिएन्ना शहरांवरून पडलेली. अमेरिकेत जाऊन ते पावात बसलं आणि प्रत्येक गावानं त्याच्यावर आपापली कोशिंबीर चढवली. मी म्हटलं, मग वाशीमनं का मागे राहावं? मी चार वाट्या मांडल्या. एकीत टोमॅटो, काकडी, कोथिंबीर, लिंबू. एकीत भाजलेल्या हिरव्या मिरचीचा आणि लसणाचा ठेचा. एकीत ओला हरभरा सोलून, जरा चेचून, मीठ घालून. आणि चौथीत संत्र्याच्या फोडी, पातीच्या कांद्याची नुसती हिरवी पात आणि जिरेपूड. आंबिया बहाराची संत्री संपत आली होती, गोड होती.

कच्चा पांढरा कांदा चिरला नव्हता. आमच्याकडे चिरत नाहीत. बाबांना त्याचा वास सहन होत नाही, डोकं चढतं. शिजलेला चालतो, पात चालते, पण ताटाच्या बाजूला कच्चा कांदा या घरात मी कधी पाहिला नाही. हे इतकं सवयीचं झालं होतं की त्यात काही 'नाही' आहे हेच जाणवायचं नाही.

रविवारी दीड वाजता पोरानं आपली चूल तयार केली. तीन विटा, वर जाळी. एक फळी टाकून त्यावर वाट्या मांडल्या आणि रांग लावायला सांगितली. पंगतीची सवय असलेली माणसं रांगेत उभी राहिली की आधी एकमेकांकडे बघून हसतात, तसं झालं. त्यानं पहिला हॉट डॉग पावात घातला आणि आजीला हाक मारली.

"आजी, वरून काय हवं?"

आई म्हणाल्या, "काहीही चालते मले."

"काहीही नाही चालत. सांगायला लागतं. हे, हे, की हे?"

"तू घाल ना लेकरा, तुले जे बरं वाटंल ते."

"पण खाणार तू आहेस!"

हे वाक्य त्यानं अगदी सहज म्हटलं. तिकडे प्रत्येक दुकानात, शाळेच्या कँटीनमध्ये, वाढदिवसाला ते लहान मुलांनाही विचारतात म्हणून. आपल्या पंगतीत वाढणारा "आणखी घ्या" म्हणतो, "काय हवं" म्हणत नाही. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, सगळं ठरलेलं. आग्रह म्हणजे जास्त वाढणं. आणि वाढणाऱ्या बाईला तर शेवटी जे उरेल तेच तिचं ताट.

आईंनी वाट्यांकडे बघितलं. मग बाबांकडे. ते आपल्या आराजवळ पाठ करून बसले होते. मग हळूच म्हणाल्या, "कांदा नाही का रे? कच्चा?"

नणंद माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्याकडे.

कांदा होता, भाजीचे उरलेले दोन. भाचा सुरी शोधायला लागला, तर आई म्हणाल्या, "सुरी कायले? आण इकडं." कांदा फळीवर ठेवला आणि मूठ आपटली. एका दणक्यात फुटला. त्यांनी सालं काढून पाकळ्या सोडवल्या, ठेच्यात बुडवल्या आणि हॉट डॉगवर रचल्या. "आमचे बाबा वावरात असाच फोडत," म्हणाल्या. "भाकर, ठेचा अन् बुक्कीचा कांदा. सुरीनं कापला का त्याची चव जाते." त्यांचं लग्न १९७४ चं. म्हणजे पन्नास वर्षं. पन्नास वर्षांत आईंना कच्चा कांदा आवडतो हे त्यांच्या पोटच्या मुलीलाही माहीत नव्हतं.

कुणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं होतं, पण आई इतक्या मन लावून खात होत्या की मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं. बाबांनी मात्र ऐकलं होतं. जरा वेळानं, पाठ न वळवता म्हणाले, "सांगितलं असतं तर मी बाहेर बसलो असतो जेवाले." आई म्हणाल्या, "हाव. अन् मग लोक काय म्हणले असते?" विषय संपला. दोघांचंही खरं होतं, म्हणूनच तो असा संपला.

मला यातून 'त्यांचं चांगलं, आपलं वाईट' असं काही म्हणायचं नाही. रोडग्यांना बसलं की सगळ्यांच्या ताटात एकच पदार्थ, एकाच वेळी, एकाच आरावरचा. कुणाला निवडावं लागत नाही, म्हणून कुणी चुकतही नाही, आणि शेजारच्याच्या ताटात डोकवावं लागत नाही. याचं एक सुख आहे. फक्त ती पंगत फार जुनी आणि फार समान होती असं म्हणू नये. बाबाच सांगतात, त्यांच्या लहानपणी शेतातसुद्धा कोण कुठल्या ओळीत बसणार आणि कोण बांधापलीकडे, हे जातीवर ठरलेलं असायचं. त्यांनी स्वतः ते मोडलं, आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. म्हणजे रोडगे तेच राहिले, तरी पंगत बदलता येते. ओळ बदलली तसं वाढणाऱ्या बाईला एक प्रश्न विचारायला पंगतीनं शिकावं, इतकंच.

दोघांच्या स्वयंपाकाचा निकाल म्हणाल तर रोडगे जिंकले. गरम राखेचा वास पावाला येत नाही. पण हॉट डॉग एकही उरला नाही, आणि सगळ्यांत आधी संपली ती संत्र्याची वाटी. बाबांनी एक अर्धा खाल्ला. "आपलंच सोयाबीन ना?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. वड्या पाकिटातल्या होत्या, पण आपलं नसेलच असं तरी कोण सांगू शकतं?

नणंद परत गेली. आता आमच्याकडे दुपारी बाबांचं जेवण आधी होतं. मग आई मागच्या अंगणात जाळीच्या दाराबाहेर ताट घेऊन बसतात आणि जात्याच्या दगडावर बुक्कीनं कांदा फोडतात. आवाज स्वयंपाकघरात येतो.

परवा शिकागोहून व्हिडिओ कॉल आला. पोरगा आजीशी बोलून झाल्यावर म्हणाला, "मामी, तुला त्या दिवशी विचारायचं राहिलं. तू तर सगळ्यांचं वाढत होतीस. तुला वरून काय हवं होतं?"

मी म्हटलं, काहीही... आणि थांबले. तो पलीकडे हसत वाट बघत होता. बराच वेळ विचार केला. बावीस वर्षांत जिभेच्या आवडी कुठे कुठे ठेवल्यात ते आधी शोधावं लागतं. शेवटी म्हटलं, संत्रं. पण कोथिंबीर नको.

कोथिंबीर मला आवडत नाही. हे मी आज पहिल्यांदाच कुठेतरी लिहिते आहे. घरच्यांनी वाचलं असेल तर बरंच झालं.